आत्याचं दचकणं

आमच्या घरातल्या बंदुकीनं कधी चिमणीचासुद्धा जीव घेतला नाही, पण माझ्या सासूचा जीव मात्र तिनं दर हिवाळ्यात खाल्ला. सासूला मी आत्या म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तशीच रीत. बंदूक मामांची. ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधीचा बोळा सारायचा, लोखंडी गजानं ठासायचा, मागं टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. एवढा सगळा खटाटोप एका आवाजासाठी, कारण छर्रे आमच्या घरात कधी आलेच नाहीत. परवाना पीक राखण्याचा होता, मामांच्या वडिलांपासूनचा. हरणाला मारलं तर तुरुंग, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण मामा काही तुरुंगाला भिऊन थांबलेले नव्हते. कुणी म्हणलं, "एखादा छर्रा घाला की, परत येणार न्हाईत," तर ते त्यालाच झापायचे. "त्याचे डोळे बघितले का रं कधी? आधी बघून ये, मग मला शिकव."

आमचं वावर सिद्धेश्वरच्या धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याकडं उतरत जाणारं. दिवाळी सरून हरभरा वीतभर झाला की हरणं यायची. सकाळी दव असताना आणि दिवस कलताना. आपण घोळाण्याला, कच्ची भाजी कालवून खायला, खुडतो ना, तसे नेमके कोवळे शेंडे खायची. थोडं खाल्लं तर हरभरा उलट जास्त फुटतो, पण अख्ख्या कळपाला थोडं म्हणजे किती हे कोण सांगणार? बुजगावणं उभं केलं तर एक काळवीट त्यालाच अंग घासायला लागलं. ते बघून मी हसले, आणि मामांनी बंदूक खाली काढली.

मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही अजून परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली वेगळी व्हायची होती. नवी नवरी मी, आणि दसऱ्याला बघते तर काय, नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचून बंदुकीला हळदकुंकू! पूजा झाली की दुसऱ्या दिवशी वावरात चाचणी. ही चाचणी मामांना फार महत्त्वाची. मागच्या सालची दारू ह्या सालच्या दारूसारखी कधीच नसते, असं ते म्हणायचे. एखाद्या वर्षी ती पावसाळ्यात ओल धरते, एखाद्या वर्षी दुकानदारच भरड देतो. म्हणून दरवर्षी नव्यानं माप ठरवायचं. माप म्हणजे बांबूचं करंगळीएवढं पेर, मामांनीच कापून घासून केलेलं. आधी अर्धं भरायचं, मग पाऊण, मग पुरं. कमी पडली तर बंदूक नुसतं फुस्स करते, हरणं मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. जास्त झाली तर खांदा निळा पडतो आणि पेटता बोळा लांब वाळल्या गवतात जाऊन पडतो. बराबर झाली तर बार असा गोल निघतो की धरणाच्या पल्याडच्या काठाला आपटून माघारी येतो. मग कळप असा उड्या मारत जातो की, आई शप्पथ, पिकाचं सगळं नुकसान विसरून बघत राहावं!

बोळे आत्याच्या जुन्या लुगड्याचे. ह्यावरून दरवर्षी भांडण. "अवं, ते अजून फाटलं न्हाई!" आत्या म्हणायची, आणि मामा म्हणायचे, "मग फाड की." आत्याचं दुसरं काम बांधावरच्या बोरीखाली पाण्याचा तांब्या घेऊन बसायचं. बार झाला की जायचं, धुपणारा बोळा शोधायचा आणि त्याच्यावर पाणी टाकायचं. हे काम तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मामांनी कधी दिलं नाही. ती दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे गच्च मिटून बसायची आणि बार झाला की अशी उडायची की पदर एकीकडं आणि तांब्या एकीकडं. मग बंदुकीला शिव्या. "मुडदा बशिवला तुझा! वाळवी लागो तुझ्या दस्त्याला!" नवऱ्याला शिवी देता येत नाही म्हणून बंदुकीला द्यायची, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मामा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि माप खिशात टाकायचे. ठरलं माप.

असं काही वर्षं मजेत चाललं. मग मामा दारू वाढवायला लागले.

आधी एका मापावर चिमूटभर. पुढच्या हिवाळ्यात सव्वा, मग दीड. "दारूत दम राहिला न्हाई आता," ते म्हणायचे. दुकानदाराला शिव्या, त्याच्या कोळशाला शिव्या, सरकारलाही दोन. पण मला तर बार आधीपेक्षा मोठा वाटायचा. घरात बसल्या जागी छातीत धस्स व्हायचं. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरून एक म्हातारी विचारायला आली, "तुमचा सासरा विहीर खोदून राहिला का सुरुंग लावून?" मामांच्या खांद्याला आत्या रोज तेल-हळद चोळायची आणि चोळता चोळता रडायची.

त्याच सुमाराला बंदुकीचा घोडा ढिला झाला म्हणून मी, माझा नवरा आणि मामा वसमतला एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो. त्यानं नळीत काडी घालून, उजेडाला धरून लई वेळ बघितलं आणि म्हणाला, "चाचा, पीछे से नली पतली हो गई है. एक माप, बस. जादा डाले तो नली नहीं, पंजा जाएगा." मामांनी व्हय व्हय अशी मान हलवली. येताना एसटीत बसल्यावर मला विचारतात, "काय म्हणला गं तो? नळी चांगली हाय म्हणला ना?"

माझं तोंड आधीपासून फाटकं. मी म्हणलं, "चांगली हाय कुठली! फुटंल म्हणला, हात जाईल म्हणला!" सगळी एसटी वळून बघायला लागली. मामा मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बापाची नळी हाय. तिला काही होत न्हाई." कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर दोन बोटं गेलेला माणूस वाढायला होता, त्याची बोटं अशाच फुटक्या नळीनं नेली होती. मी त्याची आठवण करून दिली. मामा म्हणाले, "त्याला ठासता येत नव्हतं." झालं! बोला आता.

माझ्या नवऱ्यानं सरळ सांगितलं, बंदूक ठाण्यात जमा करून टाकू, कटकट नको. पण बंदूक घरात नसली की मामांचं काय होतं हे आम्ही दर निवडणुकीला बघत होतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेवढे दिवस मामा ओसरीवर बसून असायचे. वावरात जायचे नाहीत, भाकर अर्धीच खायचे. एकदा तर नुसती बंदूक बघून येतो म्हणून ठाण्यात जाऊन आले, आणि आल्यावर म्हणतात, "धूळ बसली तिच्यावर." आत्या मला म्हणाली, "पोरी, बंदूक काढून घेतली तर हात वाचंल, पण माणूस ओसरीवर बसून संपंल. दुसरं काही बघ."

दुसरं काय बघायचं, ते मला त्या वर्षीच्या चाचणीला दिसलं. मी बोरीखाली आत्याच्या शेजारीच बसले होते. मामांनी एक माप टाकलं, बार झाला, चांगला खणखणीत. हरणं असती तर औंढ्यापर्यंत पळाली असती. मामांनी ना धुराकडं बघितलं, ना धरणाकडं. त्यांनी आत्याकडं बघितलं. आत्या गुडघ्याला हात बांधून शांत बसलेली. इतक्या वर्षांनी तिलाही त्या आवाजाची सवय झाली होती, बोटंसुद्धा कानांत नव्हती. मामांनी मान हलवली आणि पुन्हा मापाला हात घातला. दीड.

मी आत्याला कोपरानं ढोसलं. "आत्या, मामांना बार ऐकू येत न्हाई. ते तुमच्याकडं बघून माप धरून राहिले."

आत्या म्हणाली, "कान गेलेत हे मला ठाव हाय. मागून हाक मारली तर वळत न्हाईत. पण माझ्या तोंडाकडं बघून दारू ओतून राहिले, हे न्हाई आलं बाई ध्यानात." आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे मीच वाढिवली गं दारू! मी दचकायचं सोडलं म्हणून!"

मी म्हणलं, मामांना सरळ सांगून टाकू, तुमचे कान गेले. आत्यानं माझा हात धरला. "न्हाई. कान गेले म्हणलं की बंदूक ते स्वतःच ठेवून देतील. मग आली का पुन्हा ओसरी? त्यापरीस मी दचकते."

म्हणाली खरी, पण दचकणं काय सोपं आहे का? एकदा सवय मोडली की मोडली. दुसऱ्या दिवशी मामा गावात गेलेले बघून आम्ही दोघी गोठ्यामागं गेलो आणि सराव सुरू केला. मी उलटं घमेलं धरून त्याच्यावर वरवंटा हाणायचा आणि आत्यानं उडायचं. पहिल्यांदा ती घमेल्याकडंच बघत राहिली. दुसऱ्यांदा मी मारायच्या आधीच उडाली. तिसऱ्यांदा अशी काही हात वर करून "मेले गं माय!" म्हणून ओरडली की म्हैस दावं तोडून पळाली, आणि आम्ही दोघी शेणात बसून पोट धरधरून हसलो. आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसता हसता ती कधी रडायला लागली ते मला कळलं नाही, म्हणून मी घमेलं पुन्हा वाजवलं.

हरभरा वर आल्यावर मामांनी पुन्हा चाचणी घेतली आणि तिनं कमाल केली. एका मापाच्या बाराला ती बोरीखालून जी उडाली ती थेट हरभऱ्यात उताणी. मामा बंदूक टाकून पळत आले. "लई झाली का? लागलं का तुला?" मग पुढच्या बाराला त्यांनी अर्धंच माप टाकलं, बंदूक फुस्स झाली, आणि संध्याकाळी हरणांनी उभ्या उभ्या जेवण केलं. मी आत्याला म्हणलं, एवढं नका दचकू, बेतानं दचका. हळूहळू तिला ते जमलं. अर्ध्या मापाला नुसती मान हलवायची, पाऊणला खांदे, आणि एका मापाला पुरं अंग, तांब्यासकट, शिव्यांसकट. दारू कुठल्याही दुकानची असो, ती बार ऐकून नेमकं तेवढंच दचकायची आणि मामा नेमकं तेवढंच ओतायचे. माप एकाच्या वर पुन्हा गेलं नाही. पंजा शाबूत, नळी शाबूत, हरभरा बऱ्यापैकी शाबूत. त्या दोघांचा संसार ह्या बंदुकीवर चालला होता म्हणलं तरी चालेल. मी मनातून त्यांच्यावर जळायचे, खरंच सांगते. माझ्या नवऱ्यानं माझ्या तोंडाकडं बघून कधी भाजीतलं मीठसुद्धा ठरवलं नाही.

आत्या गेली ती एका पावसाळ्यात, तापाचं निमित्त झालं. तोवर आम्ही हिंगोली जिल्ह्याचे झालो होतो, गावात मोबाइल येऊन राहिले होते. त्या वर्षी घरात दसरा नव्हता, त्यामुळं पूजा नाही आणि चाचणीही नाही. बंदूक खुंटीला तशीच. मामा फार बोलत नव्हते. आत्यानं उन्हाळ्यातच फाडून ठेवलेले बोळे एका डब्यात होते, तो डबा ते अधूनमधून उघडायचे आणि बंद करायचे.

हरभरा वर आला तशी हरणं आली. त्यांना कुणाचं काय! एका सकाळी मी पाटाच्या कडेला खुरपत होते. नवरा हळद घेऊन वसमतला गेलेला. मामा बंदूक घेऊन वावरात आले, नवी दारू, तो डबा. मला बरं वाटलं. म्हणलं, चला, माणूस ओसरीवरून उठला.

पहिला बार चांगला झाला. कळप उधळला, पार पाण्याच्या कडेला गेला. मी पुन्हा खाली मान घातली. पण बघते तर मामा पुन्हा दारू ओतून राहिलेले. हरणं तर गेली, आता कशाला? दुसरा बार झाला आणि माझ्या पायाखालची माती हलली. मामांनी बोरीकडं बघितलं. बोरीखाली कुणीच नव्हतं. त्यांनी माप पुन्हा दारूत बुडवलं. ओतलं. पुन्हा बुडवलं. पुन्हा ओतलं.

"मामा!" मी ओरडले. "मामा, नका टाकू!" धरणाच्या पलीकडं ऐकू गेलं असेल, पण त्यांना नाही. बोळा घालून ते गजानं ठासायला लागले. मागून जाऊन हात धरावा तर भरलेली बंदूक, दचकून चाप दाबला म्हणजे? ते वर मान करून एकाच जागी बघायचे, तीच जागा मला धरायला पाहिजे होती. मी खुरपं टाकलं आणि बोरीकडं पळाले. हरभरा तुडवत, साडी धरून, पडत-झडत. आत्याच्या दगडावर जाऊन बसले तेव्हा मामांनी टोपी बसवली होती आणि दस्ता खांद्याला लागला होता.

मी कानांत बोटं घातली. आता काय करायचं ते सुचेना. त्यांनी चाप दाबायच्या आत काहीतरी करायला पाहिजे होतं. आणि मी दचकले. बार न होताच. "मेले गं माय!" म्हणून अशी उडाले की बोरीच्या काट्यांत जाऊन पडले.

मामांनी बंदूक खाली घेतली. टोपी काढून खिशात टाकली आणि माझ्याकडं चालत आले. मी काट्यांतून साडी सोडवत होते आणि राग असा आला होता की काय सांगू. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, नळीकडं बोट दाखवून मी म्हणलं, "काहून? काहून एवढी टाकली? मरायचं हाय का?"

माझे ओठ बघून त्यांना कळलं. खाली बसले. "मरायचं न्हाई गं," ते म्हणाले. "धूर दिसतो. खांदा सांगतो. पर ती दचकल्याबिगर बार झाल्यासारखंच वाटंना. म्हणलं, अजून थोडी टाकून बघावी."

मग त्यांनी माझ्या केसांतला बोरीचा काटा काढला आणि हसले. "आधीच उडालीस तू. तुझी आत्या बी कवाकवा आधीच उडायची."

"म्हंजे?" मी विचारलं.

"तिला वाटायचं मला कळत न्हाई," मामा म्हणाले. "गोठ्यामागं तुमी दोघी घमेलं वाजवून राहिल्या होत्या ना, तवा तंबाखूची डबी राहिली म्हणून मी माघारी आलो होतो. कोपऱ्यावर उभा होतो. घमेलं दिसलं. तुझा हात दिसला. म्हैस पळाली ती दिसली. आवाज काही येईना. तवा कळलं मला, दारू चांगली हाय, माझे कान गेले."

"मग बोलले काहून न्हाई?" मी हातानं, ओठानं, सगळ्यानं विचारलं.

"काय बोलू? इतकी मन लावून दचकून राहिली होती ती. तिला कसं म्हणू, नको दचकू म्हणून?"

आम्ही दोघं बोरीखाली बसून रडलो. म्हातारा माणूस आणि सून असं बांधावर बसून रडतात का कुठं, पण रडलो. रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीवाल्यानं बघितलं तरी रडलो. मग मामा उठले. गजाच्या टोकाला पिळाचा आकडा लावून बोळा बाहेर काढला, नळी उलटी करून सगळी दारू फडक्यावर झाडली. खाली दोन बारांपुरती दारू निघाली. त्यातलं एकच माप भरून त्यांनी नळीत ओतलं आणि तोच बोळा पुन्हा ठासला. हिरव्या काठाच्या लुगड्याचा होता तो.

हरणं तोवर परत येऊन शेंडे खायला लागली होती. मामांनी टोपी पुन्हा बसवली आणि आभाळाकडं नळी धरली. मी कानांत बोटं घातली. बेतानं दचकायचं, खांदे, मग अंग, असं मनात घोकत होते, आणि बार झाला. माझं घोकणं राहिलं जागेवर. बेत नाही न् काही नाही, मी खरीच उडाले आणि तोंडातून निघालं, "मुडदा बशिवला तुझा!"

मामांना ते ऐकू आलं नाही. पण त्यांनी बघितलं, मिशीत हसले आणि माप खिशात टाकलं.